ट्रकचा नंबर तपासता येतो, ट्रान्सपोर्ट कंपनीचं काय?

घर बदलायचं असो, दुकानाचा माल पाठवायचा असो की द्राक्षांच्या पेट्या दिल्लीला न्यायच्या असोत, ट्रान्सपोर्टवाल्याला बहुतेक जण दोनच प्रश्न विचारतात. भाडं किती? आणि माल कधी पोहोचणार? गाडीचा फिटनेस आहे का, विमा चालू आहे का, हे माल नाहीतर माणूस गेल्यावरच विचारलं जातं.

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ लोकांचा जीव गेला. त्यामुळे हायवेवर कोणता ट्रक कोणत्या अवस्थेत धावतोय, हा फक्त माल पाठवणाऱ्याचा प्रश्न नाही. मग सामान्य माणसाला यातलं काय तपासता येतं?

गाडीबद्दल काय कळतं?

बरंच काही. देशातल्या गाड्यांची नोंद केंद्र सरकारच्या 'वाहन' या यंत्रणेत असते. एमपरिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या वेबसाइटवर मोबाईल नंबरनं लॉगिन करून गाडीचा नंबर टाकला की गाडीचा प्रकार, नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, हे दिसतं. मालकाच्या नावातली काही अक्षरं मात्र झाकलेली असतात.

पहिल्यांदा बघायचं ते वर्णन. दारात सहा चाकी ट्रक उभा आहे आणि नोंद छोट्या टेम्पोची निघाली, तर नंबर प्लेटमध्येच गडबड आहे.

दुसरा फिटनेस. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासून घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ नुसार फिटनेस संपलेल्या व्यावसायिक गाडीची नोंदणीच वैध मानली जात नाही.

तिसरा विमा. थर्ड पार्टी विमा नसेल आणि अपघात झाला, तर भरपाईचा बोजा मालकावर येतो. त्याच्याकडून पैसे वसूल करता करता अपघातग्रस्त कुटुंबाची वर्षं जातात.

चौथं म्हणजे ई-चलान. ते बघायला गाडीच्या नंबरासोबत चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे लागतात, ते मालकाकडून घ्यावे लागतील. ओव्हरलोडिंगला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड आहे. एकाच गाडीवर अशी चार-पाच चलानं असतील, तर ती चूक नाही, सवय आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी, की हे सगळं गाडीबद्दल झालं, कंपनीबद्दल नाही. बुकिंग एका ऑफिसात होतं. ते ऑफिस अनेकदा बाजारातून भाड्यानं गाडी उचलतं. गाडीचा मालक दुसराच, चालक तिसराच. देशातले बरेचसे ट्रक एक-दोन गाड्या असलेल्या छोट्या मालकांचे आहेत. एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्यानं पाठवलेल्या गाड्यांचे गेल्या दोन वर्षांत किती अपघात झाले, हे गाडीचा नंबर टाकून कळत नाही.

कायदा आहे. १८६५ चा जुना कायदा बाजूला करून २००७ मध्ये रस्ते मालवाहतूक कायदा आला आणि २०११ पासून लागू झाला. सगळ्यांचा माल भाड्यानं नेणाऱ्याला त्यानुसार नोंदणी करावी लागते आणि ती दहा वर्षं चालते. बुकिंग कंपन्या, दलाल, कुरिअरवालेही त्यात येतात. म्हणजे हे प्रमाणपत्र मागण्यात काही गैर नाही. जीएसटी नंबर असेल, तर पोर्टलवर नाव आणि नोंदणीची तारीखही दिसते. पण ही कागदपत्रं फर्म अस्तित्वात आहे एवढंच सांगतात. ती गाड्या कशा चालवते, हे त्यात नसतं.

अमेरिकेत कसं चालतं?

तिथे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या व्यावसायिक ट्रकच्या दारावर कंपनीचा सरकारी क्रमांक लिहिलेला असतो. तो सरकारी वेबसाइटवर टाकला की कंपनीचे ट्रक किती, चालक किती, २४ महिन्यांत किती वेळा तपासणी झाली, त्यात किती गाड्या जागेवर थांबवल्या आणि अपघात किती, हे कुणालाही फुकट दिसतं. शेजारी देशाची सरासरी असते, त्यामुळे तुलनाही होते.

तरीही तिथे सगळं आलबेल नाही. अपघाताच्या आकड्यावरून चूक कुणाची हे समजत नाही. अनेक छोट्या कंपन्यांना सुरक्षा मानांकन मिळालेलंच नसतं. काही कंपन्या कारवाई झाली की सरड्यासारखा रंग बदलतात आणि नव्या नावानं पुन्हा रस्त्यावर येतात.

२०१९ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात ट्रेलर ओढणाऱ्या एका पिकअप ट्रकची मोटरसायकलस्वारांच्या गटाशी धडक झाली आणि सात जण गेले. चालकाला त्याआधी महिनाभर दुसऱ्या एका राज्यात नशेत गाडी चालवल्याच्या आरोपावरून अटक झाली होती. तशी सूचना त्याचा परवाना देणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या कार्यालयाकडे गेली होती, पण तिच्यावर कारवाई झाली नव्हती. चौकशीत अशा हजारो सूचना पडून असल्याचं उघड झालं आणि कार्यालयाच्या प्रमुखांना राजीनामा द्यावा लागला. पुढे खटल्यात तो चालक निर्दोष सुटला. कार्यालयातल्या ढिगाचा प्रश्न मात्र त्यानं मिटत नाही. नोंद वेळेवर भरली गेली नाही, तर तपासणाऱ्याला सगळं ठीकच दिसणार.

भारतातही अपघातांची माहिती आता पोलीस आणि इतर यंत्रणा एका संगणकीय प्रणालीत भरतात. ती ट्रान्सपोर्टवाल्याच्या नावानुसार लोकांसमोर आली, तर भाव करताना स्वस्त आणि सुरक्षित यांतला फरक दिसू लागेल.

तोपर्यंत काय करायचं?

गाडीचा नंबर माल भरायच्या आधी मागून घ्या आणि तपासा. माल चढल्यावर तपासून उपयोग नाही. आरसी, विमा आणि चालकाच्या लायसन्सचा फोटो ठेवा.

बिल्टी घ्याच, आणि तिच्यावर मालाची खरी किंमत लिहा. मालाचं नुकसान झालं, तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंतच असते. भाडं १५ हजार असेल, तर सहा लाखांच्या सामानावरही जास्तीत जास्त दीड लाख. त्यापेक्षा जास्त हवे असतील, तर जादा जोखमीचा दर आधीच लेखी ठरवावा लागतो. आणि नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते. ती मुदत हुकली, तर त्या नुकसानीसाठी दावाच लावता येत नाही.