बिनपगारी माणसांचं ऑफिस



ज्या माणसाला आपण पगार देत नाही आणि ज्याच्यावर आपला हुकूमही चालत नाही, त्याच्याकडून काम करून घ्यायचं कसं, हे आपल्यापैकी बहुतेकींना पक्कं ठाऊक आहे. महिला मंडळाची सहल असो नाहीतर जावेच्या मुलीचं लग्न, आपण हेच तर करत असतो. एकीशी गोड बोलायचं, दुसरीला जरा मोठेपणा द्यायचा, तिसरीला तिच्या आवडीचं काम सोपवायचं, आणि जिला कशातच गोडी नाही तिच्या वाटचं आपणच मुकाट्याने उरकून टाकायचं. आता हेच काम कुणी एखादीला ऑफिस, टेबल-खुर्ची आणि तीन-चार राज्यांचा डोंगराळ मुलूख देऊन करायला सांगितलं तर? अमेरिकेत अशी एक नोकरी आहे. आज तिच्याविषयी सांगायचं आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या आतल्या बाजूला अ‍ॅपलेशियन नावाची लांबच लांब डोंगररांग आहे. तिच्या माथ्यामाथ्याने एक पायवाट जाते. दक्षिणेला जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर डोंगरावर तिची सुरुवात, आणि उत्तरेला मेन राज्यातल्या कटाडिन शिखरावर शेवट. मध्ये १४ राज्यं लागतात. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. दरवर्षी लाखो माणसं या वाटेवर येतात, कुणी तासाभरापुरती, कुणी शनिवार-रविवार. काही हजार जण मात्र पाठीवर बिऱ्हाड घेऊन एका दमात अख्खी वाट चालायला निघतात. त्याला पाच ते सात महिने लागतात आणि चौघांतला एखादाच शेवटपर्यंत पोचतो.

ही वाट असावी असं १९२१ साली बेंटन मॅकाय यांनी सुचवलं. १९२५ मध्ये त्यासाठी संस्था निघाली, आणि १९३७ मध्ये वाट पूर्ण झाली. पुस्तकात एवढंच असतं, 'पूर्ण झाली'. पण घर बांधून झालं म्हणजे काम संपलं, असं घर सांभाळणारी बाई कधी म्हणेल का? पुढच्याच वर्षी, १९३८ साली, मोठं वादळ आलं आणि उत्तरेकडे वाटेवर झाडंच झाडं पडली. मागोमाग महायुद्ध आलं. माणसं लढाईवर गेली आणि वाट रानाने गिळली. ती पुन्हा सलग व्हायला १९५१ साल उजाडलं.

१९५५ मध्ये एमा गेटवुड नावाच्या आजीबाई या वाटेने निघाल्या. वय ६७, अकरा मुलांची आई. नवऱ्याच्या हातचा मार खाऊन संसार केलेला, पुढे घटस्फोट झालेला. पायांत साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. मुलांना म्हणाल्या, जरा फिरून येते! त्या एकट्या पूर्ण वाट चालल्या, आणि असं करणाऱ्या पहिल्या बाई ठरल्या. वर्तमानपत्रवाले भेटायला आले तेव्हा आजींनी कौतुक ऐकून घेतलं आणि गाऱ्हाणंही मांडलं. मासिकात वाचलं होतं तशी ही वाट नाही, ठिकठिकाणी झाडं आडवी पडलीत, रान माजलंय, निवारे मोडलेत. घरात पाऊल टाकल्याबरोबर कोपऱ्यातली जळमटं दिसणारी ही नजर आपल्या ओळखीची आहे. त्यांच्या बोलण्याने वाटेच्या देखभालीकडे पुष्कळांचं लक्ष गेलं.

ही देखभाल करतं कोण? सरकारी नोकर थोडे. मुख्य भार तीसएक मंडळांवर आहे, आणि मंडळांतली माणसं आहेत बिनपगारी. प्रत्येक मंडळाकडे वाटेचा एक टप्पा असतो. मंडळ त्यातले दोन-चार मैल एकेका सभासदाच्या नावावर लावून देतं. मग तो तुकडा त्याचा. मोसमात वाढलेलं गवत आणि काटेरी झुडपं कापायची. पावसाच्या पाण्याने वाट धुपू नये म्हणून दगड किंवा ओंडका तिरपा गाडून पाणी बाजूला काढून द्यायचं, आणि त्यामागे साचलेला गाळ फावड्याने उपसायचा. झाडांच्या खोडांवर २ इंच रुंद आणि ६ इंच उंच पांढरा पट्टा रंगवायचा. तोच वाटेचा खुणेचा पट्टा. एकावर एक दोन पट्टे असतील तर समजायचं की पुढे वळण आहे, जरा बघून चाला. आडवाटांना निळा पट्टा. शिवाय वाटेवर अडीचशेच्या वर निवारे आहेत, बहुतेक तीन भिंतींचे आणि एका बाजूने उघडे. त्यांची छपरं बघायची आणि तिथले संडासही सांभाळायचे! पुष्कळ ठिकाणी पाण्याची सोय नसते. मैल्यावर प्रत्येकाने मूठभर लाकडाचा भुसा टाकायचा आणि त्याचं हळूहळू खत होऊ द्यायचं, अशी रीत असते. चालणाऱ्याने तो भुसा टाकला नाही की त्याचा त्रास कुणाला होतो, हे तुम्हाला सांगायला नकोच.

या मंडळांच्या वर आहे अ‍ॅपलेशियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी ही संस्था. १९२५ सालचीच ती, नाव तेवढं २००५ मध्ये बदललं. मुख्य कचेरी वेस्ट व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरी गावात, आणि एवढी लांब वाट एका जागेवरून सांभाळता येत नाही म्हणून निरनिराळ्या भागांत विभागीय ऑफिसं. १९८४ मध्ये सरकारच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने करार करून वाटेच्या जमिनींची रोजची व्यवस्था या संस्थेकडे सोपवली. म्हणजे जमीन सरकारची, सांभाळणारी मंडळं गावोगावची, आणि दोघांच्या मध्ये विभागीय ऑफिस. एका बाजूला सासर, एका बाजूला माहेर, आणि दोन्हीकडचे निरोप पोचवणारी आपण, तसंच काहीसं.

या कामात बायका पहिल्यापासून आहेत. संस्थेचं नियतकालिक १९३९ मध्ये निघालं. जीन स्टीव्हनसन यांनी ते पंचवीस वर्षं चालवलं, तेही पगार न घेता. रूथ ब्लॅकबर्न या बाई वाटेची जमीन नेमकी कुणाच्या मालकीची हे शोधण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्याच्या कचेऱ्यांत दप्तरं चाळत बसायच्या. पुढे १९८० ते १९८३ त्याच संस्थेच्या अध्यक्ष होत्या. आणि मधल्या राज्यांच्या विभागीय ऑफिसची धुरा कितीतरी वर्षं एका बाईंकडे होती. त्या आधी स्वतः अख्खी वाट चालून आलेल्या होत्या.

विभागप्रमुखाला स्वतःला पगार असतो, पण हाताखालच्या बहुतेकांना नसतो. इथेच खरी गंमत आहे. समजा, एक आजोबा तीस वर्षं एकच तीन मैलांचा तुकडा सांभाळताहेत. त्यांच्याइतकं त्या झाडांना कुणी ओळखत नाही. आता नियम असा की सरकारी जमिनीवर करवत चालवायची तर प्रशिक्षण घेऊन दाखला मिळवायला हवा, प्रथमोपचारही शिकायला हवा. काही राखीव रानांत तर यंत्राची करवत न्यायलाच बंदी आहे. १९६४ च्या कायद्याने तिथे दोघांनी मिळून ओढायची जुनी करवत वापरावी लागते. आजोबा म्हणतात, मी करवत हातात घेतली तेव्हा हा नियम करणारा रांगत होता! बरोबरच आहे त्यांचं. पण पडलेल्या झाडाचा ताण चुकीच्या जागी मोकळा झाला तर माणूस जिवाला मुकतो, हेही तितकंच खरं. त्यांना काढून टाकता येत नाही, कारण नोकरीवर ठेवलेलंच नाही. पगार कापता येत नाही, कारण तो नाहीच. रागावले तर ते उद्या घरी बसतील आणि तीन मैल उघडे पडतील.

अशा वेळी शहाणी प्रमुख काय करील? ती नियमाचं पत्र टपालाने पाठवून मोकळी होणार नाही. ती प्रशिक्षणाचा वर्ग आजोबांच्याच गावाजवळ ठेवील. त्यांना म्हणेल, नवीन मुलांना झाडं तुम्हीच दाखवा. दाखल्याची परीक्षा त्यांनाही देऊ देईल, पण त्यांचं शिकणं आणि शिकवणं एकाच दिवशी होईल असं बघेल. नियम तसूभर ढळत नाही आणि माणूसही तुटत नाही. घरात म्हाताऱ्या सासऱ्यांकडून गॅसची शेगडी पेटवून घेणं बंद करायची वेळ येते ना, तेव्हा आपल्याला जे सुचतं ते हेच.

पण या ऑफिसातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. तिथे बिनपगारी कामाचा प्रत्येक तास लिहून ठेवतात! गवत कापलं ते तास, आणि वाटेच्या पायथ्यापर्यंत गाडी हाकत गेला तेही तास. सभेला बसला, फोन केले, हत्यारांना धार लावली, सगळं धरायचं. कोविडच्या आधीच्या वर्षांत दरवर्षी साधारण सहा हजार माणसांचे मिळून दोन लाखांहून जास्त तास भरत असत. हा आकडा सरकारपुढे जातो. वाटेसाठी पैसा मागताना तो टेबलावर ठेवता येतो. अशा एका तासाची किंमत किती धरायची याचाही आकडा तिथे दरवर्षी जाहीर होतो. २०२३ सालासाठी तो तेहतीस डॉलरच्या वर होता. ज्याचं नाव रीतसर नोंदलेलं आहे, त्याला काम करताना इजा झाली तर सरकारी नोकरासारखी भरपाई मिळू शकते. पंचवीस वर्षं झालेल्यांचा, पन्नास वर्षं झालेल्यांचा संस्था सन्मान करते. वही ठेवलेली नसती तर यातलं काय जमलं असतं?

या वहीची आणि या ओळखीपाळखीची कसोटी २०२४ च्या सप्टेंबरात लागली. हेलीन नावाचं चक्रीवादळ दक्षिणेकडच्या डोंगरांवर येऊन कोसळलं. दक्षिण विभागाचं काम जिथून चालतं त्या अ‍ॅशव्हिल शहराची दैना झाली. सात आठवड्यांहून जास्त काळ नळाला पिण्याचं शुद्ध पाणी नव्हतं. टेनेसीतल्या अर्विन गावाजवळचा नोलिचकी नदीवरचा पूल पुराने नेला. वाटेवर किती झाडं पडली याला गणती नाही. अशा वेळी मदतीला धावणारे हात पुष्कळ असतात. विभागप्रमुखाला आधी म्हणावं लागतं, थांबा! अर्धवट कललेली झाडं केव्हा अंगावर येतील सांगता येत नाही. चालणाऱ्यांनाही शेकडो मैल बंद म्हणून सांगावं लागलं. मग कुणाकडे करवतीचा दाखला आहे, कोण कुठे राहतो, कुणाचं स्वतःचंच घर वाहून गेलं असल्याने त्याला बोलवायचं नाही, याचा हिशेब करून टोळ्या पाठवायच्या. २०२५ च्या मोसमात चालणारे आले तेव्हा पुलाच्या जागी होडीची सोय केलेली होती.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेत, आपल्याला त्याचं काय? तर सांगते. आपल्या देशात २०१९ साली सरकारने वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात असं निघालं की घरकाम करणाऱ्या बायकांची त्या कामात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि पुरुषांची ९७. जवळजवळ पाच तास झाले की हे! पण पाहणी करणारे येईपर्यंत हे तास कुणी लिहून ठेवले होते? 'दिवसभर घरीच तर असतेस' हे वाक्य आपण ऐकून घेतो, कारण उत्तर द्यायला आपल्याकडे आकडा नसतो.

म्हणून या महिन्यात एक करून बघा. स्वयंपाकघरात खिळ्याला एक वही अडकवा, सोबत पेन्सिल. सात दिवस लिहा. पाणी भरलं, डबे केले, मुलाचा अभ्यास घेतला, सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं, तिथे रांगेत बसलात तेवढा वेळही धरा. धुण्याची वाट बघत उभं राहणं आणि 'भाजी काय करू' हा विचार करणंदेखील काम आहे, पण तिथवर आज जायला नको. आठव्या दिवशी बेरीज करा. भांडणासाठी मात्र ती वही काढू नका. रविवारी सगळे चहाला बसले असताना सहज वाचून दाखवा.

आणि मग वाटेवरच्या मंडळांची दुसरी रीत उचला. प्रत्येकाच्या नावावर एकेक तुकडा लावून द्या. 'जरा मदत कर' असं म्हटलं की कुणी उठत नाही, हा आपला नेहमीचा अनुभव. पण 'पाण्याची पिंपं तुझी, गादीवरच्या चादरी तुझ्या आणि रद्दीचा हिशेब बाबांचा' असं ठरलं की हळूहळू ज्याला त्याला आपल्या तुकड्याचा अभिमान वाटू लागतो. एक पथ्य पाळा. तुकडा दिला की त्यात मागून हात घालायचा नाही. चादरीचं एक टोक लोंबत असलं तर लोंबू द्या. आपण लगेच जाऊन ते नीट खोचलं की तो तुकडा पुन्हा आपल्याच गळ्यात पडला म्हणून समजा. कसं करायचं हे एकदा शेजारी उभं राहून दाखवायचं, आणि जमलं की चारचौघांत नाव घेऊन सांगायचं.

महिला मंडळातही हेच लागू पडेल. वर्षभर सतरंज्या घालणाऱ्या आणि भांडी मोजून परत करणाऱ्या बायकांची नावं अहवालात कधी येत नाहीत. या वर्षीच्या अहवालात ती तासांसकट छापा. सेक्रेटरीबाई नाही म्हणाल्या तर त्यांचेही तास मोजून द्या. मग त्या नाही म्हणणार नाहीत!