पाण्याचा वार आणि ओळखपत्राचा रंग

पॅलेस्टाईन म्हटलं की डोळ्यांपुढे टीव्हीवरची तीच ती दृश्यं येतात. कोसळलेली इमारत, धूर आणि समोर हंबरडा फोडणारी एखादी बाई. दहा सेकंदांत दृश्य बदलतं. त्या बाईच्या घरात सकाळी पाणी आलं होतं का, मुलं शाळेत गेली होती का, हे कुणी सांगत नाही. आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकदा हा विषय निघाला, तेव्हा पहिला प्रश्न आला, "ताई, तिथं पाणी किती दिवसांनी येतं हो?" मोठमोठ्या राजकीय लेखांत इतका नेमका प्रश्न क्वचितच सापडतो. म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करू.

१९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझा ताब्यात घेतलं. त्याच वर्षी वेस्ट बँकमधलं पाणी लष्कराच्या अखत्यारीत गेलं. नवी विहीर खणायची तर परवानगी हवी. पुढे १९९३ आणि १९९५ मध्ये ओस्लो करार झाले, पॅलेस्टिनी प्रशासन आलं, पण वेस्ट बँकचा जवळजवळ ६० टक्के भाग 'सी क्षेत्र' म्हणून इस्रायलच्याच नियंत्रणात राहिला. तिथं खोली वाढवायची, न्हाणीघर बांधायचं, पावसाचं पाणी साठवायला टाकं खणायचं, सगळ्याला परवाना लागतो आणि तो सहसा मिळत नाही. विनापरवाना बांधलं तर बुलडोझर येतो. हेब्रॉन, बेथलेहेमकडच्या कित्येक वस्त्यांत उन्हाळ्यात नळाला आठवडे न् आठवडे पाणी नसतं. म्हणून पॅलेस्टिनी घर लांबूनही ओळखू येतं, छतावर टाक्यांची रांग असते. शेजारच्या टेकडीवरच्या इस्रायली वसाहतीत मात्र नळ चालू असतो. पाण्याचा वार सांभाळून ज्यांनी संसार केलाय, त्यांना याचा अर्थ फोडून सांगायला नको. धुणं, भांडी, मुलांच्या आंघोळी, म्हाताऱ्यांचं करणं, सगळं त्या टाकीच्या तळाकडे बघत करायचं.

दुसरी गोष्ट ओळखपत्राची. वेस्ट बँकच्या माणसाचं ओळखपत्र हिरवं, पूर्व जेरुसलेमच्या माणसाचं निळं. आपल्याकडे लग्न जमवताना पत्रिका बघतात, तिथं आधी हा रंग बघावा लागतो. निळ्या आणि हिरव्याचं लग्न झालं तर नांदायचं कुठं? २००३ मध्ये इस्रायलने कायदा करून अशा जोडप्यांना एकत्र राहण्याचा हक्क देणं जवळजवळ बंद केलं. जुलै २०२१ मध्ये त्याची मुदत संपली, आणि मार्च २०२२ मध्ये तो पुन्हा मंजूर झाला. जेरुसलेममध्ये सासरी राहणारी हिरव्या कार्डाची सून तात्पुरत्या परवान्यावर राहते. नवऱ्याशी बिनसलं किंवा तो वारला की परवानाही धोक्यात. मार खाणाऱ्या बाईने तक्रार कुठल्या तोंडाने करायची, सांगा बरं! शिवाय निळ्या कार्डाचा माणूस शहराबाहेर राहायला गेला तर त्याचाही हक्क जाऊ शकतो. १९६७ पासून १४ हजारांहून जास्त लोकांचा असा गेलेला आहे.

सुआद अमिरी ही रामल्लाची वास्तुविशारद बाई. लग्न होऊनही तिला तिथल्या ओळखपत्रासाठी कित्येक वर्षं झगडावं लागलं. २००२ मध्ये रामल्लात लष्कर शिरलं, संचारबंदी लागली, आणि तिला नव्वदी ओलांडलेल्या सासूबाईंना स्वतःच्या घरी आणावं लागलं. बाहेर रणगाडे आणि घरात सासूबाई, यांत जास्त कोण छळतं, अशा थट्टेच्या सुरात तिने त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. त्यातली कुत्रीची हकीकत तर प्रसिद्धच आहे. जेरुसलेमच्या डॉक्टरकडे लस टोचल्यामुळे कुत्रीला जेरुसलेमचा पासपोर्ट मिळाला, बाईंना मात्र नाही. मग त्या नाक्यावर सांगतात, मी या कुत्रीची ड्रायव्हर आहे! हसू येतं, आणि मग येईनासं होतं.

कारण त्याच नाक्यांवर बाळंतपणंही झाली. २००० साली दुसरा इंतिफादा, म्हणजे उठाव सुरू झाला. इस्रायली बसमध्ये, हॉटेलांत आत्मघातकी स्फोट होत होते, त्यांतही सामान्य माणसंच मेली. सुरक्षेसाठी म्हणून नाके वाढले. २००० ते २००७ या काळात ६९ मुलं नाक्यांवर जन्मली, त्यांतली ३५ दगावली, पाच आयाही गेल्या, असं 'लॅन्सेट'मध्ये आलेला अभ्यास सांगतो. नाक्यावरच्या सैनिकाचं वय असतं एकोणीस-वीस. कळा खऱ्या की खोट्या, हे त्याने ठरवायचं! हे बघवेना म्हणून काही इस्रायली बायकांनीच २००१ मध्ये 'मखसोम वॉच' हा गट काढला. त्या नाक्यांवर जाऊन उभ्या राहतात, दिसेल ते नोंदवतात. हेही सांगायला हवं.

अरबीत एक शब्द आहे, 'सुमूद'. पाय रोवून राहणं. बाहेरचे लोक या बायकांच्या सुमूदचं फार कौतुक करतात. मला हे कौतुक जरा खटकतं. बाईला सोशिक म्हटलं की तिला सोसायला लावणाऱ्याचं नाव घ्यावं लागत नाही, हे आपल्याला घरातही माहीत आहे. आणि सुमूद म्हणजे नुसतं सोसणं नव्हेच, ते काम आहे. १९८७ चा पहिला उठाव आठवा. लष्कराने शाळा बंद केल्या, बिरझेट विद्यापीठ तर जानेवारी १९८८ पासून चार वर्षांहून जास्त बंद होतं. बायकांनी स्वयंपाकघरात, तळघरात वर्ग भरवले. परसात भाज्या लावल्या, इस्रायली माल नको म्हणून लोणची-मुरांबे घालून विकले. झेंडा फडकवायला बंदी होती, तर झेंड्याचे रंग आणि देशाचा नकाशा पोशाखावर भरला. ही त्यांची फुलीच्या टाक्याची भरतकामकला, 'ततरीझ'. २०२१ मध्ये युनेस्कोने ती वारसा म्हणून नोंदवली.

याच टाक्यावर समीहा खलील यांनी संस्था उभी केली. सतराव्या वर्षी लग्न होऊन शाळा सुटलेली ही बाई. चाळिशीत पुन्हा परीक्षेला बसली. १९६५ मध्ये अल-बिरे गावात 'इनआश अल-उसरा', म्हणजे कुटुंबाला उभारी देणारी, ही संस्था काढली. शिवण, भरतकाम, मुलींना शिक्षण. इस्रायलने त्यांना नजरकैदेत ठेवलं. १९९६ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत खुद्द यासर अराफत यांच्या विरोधात उभ्या राहणाऱ्या त्या एकट्या होत्या. हरल्या, पण दहा टक्क्यांच्या आसपास मतं घेतली.

करारानंतर मात्र व्हायचं तेच झालं. गल्लीगल्लीतल्या समित्या बायकांनी चालवल्या, खुर्च्या पुरुषांनी घेतल्या. घरातल्या अन्यायाचं बोलायची सोय नव्हती, आधी देश, मग तुमचं! २०१९ मध्ये बेथलेहेमजवळच्या एका २१ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला, घरच्याच पुरुषांवर आरोप ठेवले गेले. तेव्हा 'तालिआत' या नावाने बायका रामल्लापासून हैफापर्यंत आणि गाझातही रस्त्यावर आल्या. बाई मोकळी नसेल तर देश मोकळा कसला, असं त्या म्हणत होत्या.

आणि मग गाझा. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली, २५१ जणांना ओलीस नेलं. ते क्रौर्यच होतं. त्यानंतरच्या दोन वर्षांत, तिथल्या आरोग्य खात्याच्या हिशोबाने, गाझात ६७ हजारांहून जास्त माणसं मेली. त्यांत जवळपास निम्मी बायका-मुलं. युद्ध सुरू झालं तेव्हा गाझात सुमारे ५० हजार गरोदर बायका होत्या, रोज १८० च्या आसपास बाळंतपणं. औषधं संपली, वीज गेली, बाळंतपणं थांबली नाहीत. पाळीच्या दिवसांत पॅड नाहीत म्हणून बायकांनी तंबूचं कापड कापून वापरलं. ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहराच्या भागात दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. अन्न काही किलोमीटरवर, सीमेपलीकडे ट्रकांत पडून होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रसंधी झाली, पण घरं परत आली नाहीत, लाखो बायकांनी पुढचा हिवाळा तंबूतच काढला.

या सगळ्यात सप्टेंबर २०२४ ची एक बातमी बारीक अक्षरांत येऊन गेली. गाझात पंचवीस वर्षांनी पोलिओचा रुग्ण सापडला होता. लसीकरणासाठी बॉम्बहल्ले काही तास थांबवायचं ठरलं. दहाहून अधिक वेळा घर बदलावं लागलेली कुटुंबंही त्यांत होती. तरी पहिल्या फेरीत साडेपाच लाखांहून जास्त मुलांना डोस मिळाला. आया मुलांना घेऊन रांगा लावून आल्या, थेंब पाजले, बोटाला शाई लावून घेतली आणि हल्ले पुन्हा सुरू व्हायच्या आत तंबूकडे परतल्या.