आमच्याकडे एक टेप आहे!

"तुम्ही बाजारातली रेकॉर्ड ऐकली असेल हो. पण आमच्याकडे एक टेप आहे!"

हे वाक्य ज्याच्या कानावर पडलेलं नाही, तो मराठी मध्यमवर्गात वाढलाच नाही असं खुशाल समजावं. वाक्य उच्चारणारे गृहस्थ साठीच्या पुढचे असतात. बोलताना आवाज खाली आणतात, दाराकडे एकदा बघून घेतात आणि घरात बिनपरवान्याचं पिस्तूल असावं तसा चेहरा करतात. मग टेप लावतात का? छे! "कधीतरी निवांत या," म्हणतात. औरंगपुऱ्यातल्या अशाच एका गृहस्थांकडे मी पंचवीस वर्षं निवांत जात होतो. चहा मिळाला, भडंग मिळालं, टेप काही मिळाली नाही. पुढे औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पण गृहस्थांचं वाक्य शेवटपर्यंत बदललं नाही.

या जमातीविरुद्ध आज मला तोंड उघडायचं आहे. मी स्वतः त्याच जमातीतला आहे, तेव्हा आतली माहिती पक्की आहे.

आधी त्यांच्या बाजूचं बोलून घेतो. अप्रकाशित गाण्याची ओढ खोटी नाही. 1902 साली गौहरजान कलकत्त्यात ग्रामोफोनच्या भोंग्यापुढे गायली, आणि तेव्हापासून पुढं कितीतरी वर्षं आपल्या संगीताच्या वाट्याला तबकडीच्या एका बाजूची तीन-साडेतीन मिनिटं आली. ज्या रागाच्या उंबऱ्यावर बुवा अर्धा तास रेंगाळायचे, तो तीन मिनिटांत उरकायचा म्हणजे पंगतीत वाढप्यानं वरणभाताच्या जागी एकदम ताकभातच वाढायचा! एलपी आली तरी एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. मग खरं गाणं राहिलं कुठं? मैफलीत. आणि आपलं नशीब बरं म्हणून कोपऱ्यात बसलेल्या कुणाच्या तरी स्पूलवर, पुढं नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. वसंतराव देशपांडे म्हणजे 'कट्यार'मधले खाँसाहेब एवढंच ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी घरगुती बैठकीतले वसंतराव ऐकावेत. ते 1983 साली गेले. त्या टेपांमध्ये अजून पानाचा डबा उघडल्याचा आवाज येतो.

उलट भास्करबुवा बखले 1922 साली गेले, अल्लादियाखाँसाहेब 1946 साली. दोघांचंही गाणं कुठं उतरलेलं नाही. आपण नुसत्या आठवणी वाचून माना डोलवतो. एखाद्या नतद्रष्टानं त्यांचं गाणं चोरून उतरवलं असतं, तर मी आज त्या चोराच्या नावानं नारळ फोडला असता.

हे वेड फक्त आपलंच आहे असंही नाही. माझा भाचा बॉब डिलनचा भक्त. हा कवी 1967 साली एका तळघरात सवंगड्यांना घेऊन गात बसला. त्यातली काही गाणी 1969 साली चोरांनी छापून विकली; कंपनीला ती काढायला 1975 साल उजाडलं. म्हणजे चोर सहा वर्षं पुढं! 1983 साली त्यानं आंधळ्या विली मॅकटेलवर एक गाणं केलं आणि तबकडीतून स्वतःच वगळलं. ते 1991 साली बाहेर आलं आणि भक्तांनी डोक्यावर घेतलं. भाच्यानं मला तळघरातलं सगळं ऐकवलं. शब्द निम्मे डोक्यावरून गेले, पण मध्येच ती मंडळी हसत सुटतात तेव्हा मला एकदम आमची गुलमंडीची बैठक आठवली.

इथवर आमची जमात बरोबर आहे. आता पुढचं ऐका. समजा, तीच दुर्मिळ मैफल एखाद्या कंपनीनं रीतसर काढली, किंवा कुणी भल्या माणसानं जगाला फुकट वाटली. गृहस्थ काय म्हणतात? "आता त्यात मजा राहिली नाही." का हो? सूर तेच, तान तीच, पानाचा डबासुद्धा तोच. फरक इतकाच की आता ती शेजारच्या कुलकर्ण्यांकडेही आहे! म्हणजे पंचवीस वर्षं आपण त्या गवयावर प्रेम करत होतो, की कुलकर्ण्यांच्या नसण्यावर?

प्रत द्यायची वेळ आलीच तर शेवटची भैरवी कापून देणारे महाभाग मी पाहिले आहेत. आणि ती प्रतही प्रतीच्या प्रतीची प्रत. गायक जणू पाणचक्कीच्या धबधब्यामागं उभा राहून गातोय.

औरंगपुऱ्याचे गृहस्थ गेले. चौदाव्या दिवशी मी सांत्वनाला, आणि खरं सांगायचं तर टेपसाठी, गेलो. मुलानं कपाट उघडलं. कॅसेटींवर पांढरी बुरशी. एकीवर सुंदर अक्षरात लिहिलं होतं : 'कुणासही देऊ नये'. ती लावून पाहिली. नुसती खरखर. त्या माणसानं जिवापाड जपलं हो, पण जपता जपता गाणं मारलं. बाकीच्या भंगारवाल्यानं किलोवर नेल्या.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो मी चुकवणार नाही. गाणाऱ्यालाच नको असेल तर? केसरबाई केरकरांनी रेकॉर्डिंगकडे पाठ फिरवली. आपलं गाणं कुणीही कुठंही वाजवावं हे त्यांना मंजूर नव्हतं. (तरी त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, आणि त्याच वर्षी बाईही गेल्या. आता परग्रहावरचा कुणी गृहस्थ शेजाऱ्याला सांगत असेल, आमच्याकडे एक तबकडी आहे!) आपल्या गाण्यावर गाणाऱ्याचा हक्क असतो, हे आपल्या कायद्यानंही 1994 साली मान्य केलं. तेव्हा ज्यानं नको म्हटलं, त्याच्या माणसांना विचारल्याशिवाय काही करू नये, असं माझं मत आहे. पण विचारावं तर! आमची जमात विचारतही नाही आणि देतही नाही.

आता माझी टेप. 1981 सालची, गुलमंडीजवळच्या एका वाड्यातली. गवयाचं नाव सांगत नाही. बैठक सुरू व्हायच्या आत लाइट गेली. कंदील शोधायची धावपळ, बांगड्यांचा आवाज, कुणाचा तरी खोकला. माझा टेपरेकॉर्डर बॅटरीवरचा, तो चालूच. बुवांच्या ते लक्षात आलं. टेपमध्ये स्वच्छ ऐकू येतं, "बंद करा हो ते." मग क्षणभर शांतता, आणि मग त्या अंधारात चाळीस मिनिटं असा बागेश्री की कंदील सापडल्यावरही कुणी लावला नाही.

चाळीस वर्षं मीही लोकांना निवांत बोलावत होतो. गेल्या वर्षी भाच्यानं ती टेप मोबाइलवर उतरवून दिली. "मामा, खरखर काढली. सुरुवातीची बडबडही कापून टाकली." त्याला झापलं, आणि मूळ कॅसेट नि जुना टेपरेकॉर्डर पिशवीत घालून बुवांच्या मुलीकडे गेलो. बाई आता साठीच्या. म्हटलं, परवानगी मागायला आलोय, नाही म्हणालात तर टेप इथंच ठेवून जातो.

लावली. कंदील, बांगड्या, खोकला. "बंद करा हो ते." मग बागेश्रीचा षड्ज लागला आणि बाईंनी हात वर केला.

"काका, गाणं नंतर ऐकू. ते 'बंद करा' परत लावा. बाबांच्या इतक्या रेकॉर्डी आहेत घरात, बोलणं एकातही नाही."

मागं घेऊन लावलं. पुन्हा लावलं. पाच-सहा वेळा तरी झालं असेल. मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आणि बंद नाही केलंत?"

"नाही. वरून टॉवेल टाकला."

"कुणी?"

"मीच," मी म्हणालो.