कळण्याची घाई कशाला?

दिघीला वीज गेली की आई दिवा घेऊन ओटीवर यायची. राजपुरी खाडीचा वारा ज्योत विझवू नये म्हणून दुसरा हात आड धरलेला असे.

पुढे म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र पाहिलं. पुष्कळांना ते रविवर्म्याचं वाटतं. हळदणकरांनी ते आपली कन्या गीता हिच्यावरून रंगवलं. बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड पाहता पाहता माझे डोळे भरून आले. आईचा चेहरा पुसट होत चालला होता. हात मात्र तोच!

‘चित्रातलं कळत नाही’ म्हणत आपण भरभर पुढे सरकतो. मुलांना घेऊन जाल तेव्हा एकाच चित्रासमोर पाच मिनिटं थांबा. काही समजावू मात्र नका.