मेजावरची गाडी आणि रुळावरची गाडी

यावलच्या माणसाचे आगगाडीशी नाते जरा चमत्कारिक आहे. गावात स्टेशन नाही. पण तापी ओलांडली की समोर भुसावळ, मध्य रेल्वेच्या विभागाचे ठाणे! यावल-रावेरची केळी सावद्याहून, रावेरहून वाघिणींत बसून थेट दिल्ली पाहून आली. त्यामुळे इकडच्या पुष्कळ घरांत कोणी ना कोणी ‘रेल्वेत’ असतोच.

आमच्या नात्यातले एक आजोबा असेच गार्ड होते. (२०२२ पासून गार्डाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. कंदील गेला, मॅनेजर आला!) त्यांचा नातू पुण्यात नोकरीला. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली उघडलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय त्याने लहानपणी पाहिले आणि त्या गाडीने त्याच्या डोक्यात जे रूळ टाकले ते कायमचे. आता त्याच्या खोलीत खाटेपेक्षा स्टेशन मोठे आहे.

“कशी वाटली गाडी, आजोबा?”

“झकास आहे रे. पण ही थांबते कशी?”

“हे बटण दाबले की जागच्या जागी उभी!”

“मग सिग्नल कशाला लावलेस, बाबा?”

नातू हसला, पण वाचकहो, या प्रश्नात सगळी रेल्वे आहे. भरधाव मालगाडी थांबायला किलोमीटरभर वाट लागते. ड्रायव्हरला संकट दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून पुढची वाट मोकळी आहे की नाही, हे दुसऱ्या कोणी तरी त्याला आधीच सांगावे लागते. सिग्नल ही गाडीची शोभा नव्हे. तो एका माणसाने न पाहिलेल्या दुसऱ्या माणसावर टाकलेला विश्वास आहे.

खेळाचे गणितही मोठे गमतीचे आहे. या छंदातले सर्वांत लोकप्रिय माप म्हणजे ‘एच.ओ.’; खऱ्या वस्तूचा ८७ वा भाग. लांबी ८७ पट घटली, की वजन घटते ८७ च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाख पटींहून अधिक! १२३ टनांचे विजेचे इंजिन या हिशेबाने दोनशे ग्रॅमसुद्धा भरत नाही. मुंबई-भुसावळ हे सुमारे ४४० किलोमीटरचे अंतर याच मापाने मांडायचे, तर पाच किलोमीटर लांब मेज हवे! आणखी एक गोम आहे. एच.ओ.चे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर रुळांवरून बेतलेले. आपले रूळ १६७६ मिलिमीटरचे. त्यांना एकोणीस मिलिमीटरांहून थोडे अधिक लागतील. म्हणजे आपली गाडी त्या रुळांवर चालवायची, तर तिला अंग चोरूनच चालावे लागते.

पण मापात न बसणाऱ्या गोष्टी निराळ्याच आहेत. पहिली म्हणजे ऊन. खानदेशातला वैशाख पंचेचाळीस अंशांचा. रूळ त्याहून कितीतरी तापतो. एक किलोमीटर रूळ मोकळा सोडला आणि चाळीस अंशांनी तापला, तर दीड फूट वाढेल. जोडलेल्या लांब रुळाला खडी आणि स्लीपर ही वाढ करू देत नाहीत. मग ती ताण होऊन रुळातच दबा धरून बसते. खडी सैल झाली की रूळ बाजूला वाकलाच! म्हणून भर दुपारी, आपण वाळ्याच्या पडद्याआड सरबत पीत असतो तेव्हा, कोणी तरी तापल्या रुळाकाठाने पाहणी करत चाललेला असतो.

दुसरी गोष्ट, मेजावरचा हौशी माणूस एकाच वेळी ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनमास्तर आणि रेल्वेमंत्री असतो. सारी रेल्वे त्याच्या नजरेत मावते. खऱ्या रेल्वेत तसे नसते. गँगमनच्या वाट्याला चार-सहा किलोमीटरचा तुकडा येतो. ज्यांच्यासाठी तो रूळ घट्ट करतो, ते खिडकीतून हात करून निघून जातात. खेळातली गाडी घसरली, तर बोटाने उचलून ठेवता येते. खऱ्या गाडीला ती सवलत नाही. म्हणूनच आजोबा निवृत्तीनंतरही रात्री दोनला उठून घड्याळ पाहतात.

म्हणजे छंद फोल झाला काय? मुळीच नाही. नोकरी आजची गाडी वेळेवर नेते. छंद कालची गाडी जपतो. आपल्याच जिल्ह्यातली पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी रुळांची चिमुकली गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली. तिच्या डब्यांची घडण आणि वळणावरचा तिचा झोक उद्या पोरांना दाखवायचा झाला, तर तो अशाच कोणाच्या तरी मेजावर दिसेल.

तेव्हा या दिवाळीत मुलाला खेळण्यातली गाडी अवश्य आणा. मात्र एक दिवस त्याला खऱ्या स्टेशनावरही न्या. इंजिन तो आपण होऊनच पाहील. तुम्ही त्याला हातोडा खांद्यावर टाकून रुळाकडेने चाललेला माणूस दाखवा. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही गाड्या धावतात. त्या रात्री हजारो घरांत एक पाट रिकामा असतो, तेव्हा कुठे बाकीच्या घरांतले पाट भरतात.