पहिलीचा वर्ग सर्वांत शेवटी का उघडला?

कोरोनाचा विषय काढला की आता लोक हात जोडतात. झाले गेले गंगेला मिळाले, पुन्हा कशाला, असे म्हणतात. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांनी तसे म्हणणे समजण्यासारखे आहे. परंतु त्या काळातील शाळाबंदीच्या निर्णयाचे परिणाम आपल्या मुलांच्या वहीत अजून दिसतात. उद्या तशीच साथ आली तर शाळा भरवायची की मुलांना घरीच शिकवायचे, आणि हे कोणी ठरवायचे, याचा विचार आपल्या मंडळात अजून झालेला नाही. तो साथ येण्यापूर्वीच व्हावा, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी घटनाक्रम पाहू. मार्च 2020 मध्ये मध्य प्रदेशातील शाळा बंद झाल्या. 21 सप्टेंबर 2020 पासून नववी ते बारावीच्या मुलांना शंका विचारण्यापुरते शाळेत येण्याची मुभा मिळाली. 18 डिसेंबर 2020 पासून दहावी-बारावीचे वर्ग नियमित सुरू झाले. पहिली ते आठवीचे वर्ग मात्र 2020-21 हे संपूर्ण सत्र बंद राहिले. दुसऱ्या लाटेनंतर 26 जुलै 2021 ला अकरावी-बारावी, 1 सप्टेंबरला सहावी ते आठवी आणि सर्वांत शेवटी, 20 सप्टेंबर 2021 ला, पहिली ते पाचवी असा क्रम लागला. तोही निम्म्या उपस्थितीने आणि पालकांच्या लेखी संमतीने.

याचा अर्थ काय झाला? 2020 साली ज्याचे नाव पहिलीत घातले, त्या मुलाने शाळेच्या वर्गात पहिले पाऊल टाकले ते दुसरीत गेल्यावर. ‘क’ गिरवण्याचे वर्ष त्याच्या आयुष्यात आलेच नाही. मधल्या काळात परीक्षेविना वरचा वर्ग मिळाला. पुढे मध्य प्रदेशात पाचवी-आठवीच्या परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर सुरू झाल्या आणि 2024-25 मध्ये हेच मूल पाचवीच्या परीक्षेला बसले. पाया सरकारच्या आदेशाने बंद राहिला. परीक्षा मात्र मुलाने द्यायची!

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 6 जुलै 2020 पासून ‘हमारा घर हमारा विद्यालय’ ही योजना सुरू झाली. सकाळी दहाला घरात घंटी किंवा थाळी वाजवायची आणि मुलाने अभ्यासाला बसायचे, अशी ती कल्पना. आकाशवाणीवर ‘रेडिओ स्कूल’ होते, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठ येत होते. अनेक गुरुजी आणि बाई मोहल्ल्यात जाऊन झाडाखाली चार-पाच मुलांना घेऊन बसले, त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण जुलै म्हणजे धानाच्या रोवणीचे दिवस. सकाळी दहाला घरातील मोठी माणसे बांधीत असताना थाळी वाजवायची कोणी? आणि घरात फोन एकच असेल, तर तो बापाच्या खिशात जाणार की पोराच्या हातात राहणार?

आकडे हेच सांगतात. अझीम प्रेमजी फाउंडेशनने जानेवारी 2021 मध्ये मध्य प्रदेशासह पाच राज्यांतील 16,067 मुलांची पाहणी केली. त्यांपैकी 92 टक्के मुले आदल्या वर्षी येत असलेले भाषेचे किमान एक कौशल्य विसरली होती. ऑगस्ट 2021 मध्ये ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांतील सुमारे 1400 मुलांची पाहणी केली. त्यात ग्रामीण भागातील अवघी 8 टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत होती. 37 टक्के मुले अजिबात शिकत नव्हती. ज्याला आपण दूरस्थ शिक्षण म्हणत होतो, ते खेड्यातील बहुतेक मुलांसाठी नुसते दूर होते.

मग शाळा बंदच करायला नको होत्या काय? तसे माझे म्हणणे नाही. एप्रिल-मे 2021 मध्ये ऑक्सिजनसाठी जी धावाधाव झाली, ती पाहिलेला कोणीही त्या दिवसांत शाळा भरवा असे म्हणणार नाही. शिवाय आपली घरे एकत्र कुटुंबाची. शाळेतून आलेले नातवंड थेट आजीच्या मांडीवर जाते. मुलाला सौम्य ताप आणि आजीला न्यूमोनिया, ही भीती खोटी नव्हती. जिवापेक्षा शाळा मोठी नाही, हे म्हणणारे चूक नव्हते.

प्रश्न आहे तो दुसरी लाट ओसरल्यानंतरचा. 20 जुलै 2021 रोजी आयसीएमआरचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी जाहीरपणे सांगितले की लहान मुले हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला पेलतात, तेव्हा प्राथमिक शाळा आधी उघडणे शहाणपणाचे होईल. मात्र शिक्षक व कर्मचाऱ्यांचे लसीकरण झालेले असावे. त्या वेळी जाहीर झालेल्या रक्ततपासणीत सहा ते नऊ वयाच्या 57.2 टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली होती. म्हणजे शाळा बंद असूनही निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता. तरीही सहा दिवसांनी आपल्या राज्यात वर्ग उघडले ते अकरावी-बारावीचे. पहिलीला आणखी आठ आठवडे थांबावे लागले.

असे का झाले? बारावीला बोर्ड आहे, पुढे प्रवेश आहे, निकालाची बातमी होते. पहिलीच्या मुलाला बोर्ड नाही, मोर्चा नाही, मत तर नाहीच. सतरा वर्षांचा मुलगा पुस्तक उघडून स्वतः चार पाने वाचू शकतो, सहा वर्षांच्या मुलाला पुस्तक सरळ धरायलाही कोणीतरी लागते. ज्याला शिक्षकावाचून थोडेफार जमते त्याला शिक्षक आधी मिळाला, आणि ज्याचे शिक्षकावाचून अजिबात भागत नाही तो रांगेत शेवटी उभा राहिला. हा क्रम वैद्यकशास्त्राने लावला नव्हता, तो परीक्षांच्या वेळापत्रकाने लावला होता.

संमतीपत्राचेही तसेच. कागदावर निवड पालकाची होती, पाठवा नाहीतर घरी शिकवा. पण निवड म्हणायला दोन वाटा चालण्याजोग्या हव्यात. ज्याच्या घरी संगणक, वायफाय आणि शिकलेली आई आहे त्याला दोन वाटा होत्या. ज्याच्या घरी रिचार्ज संपलेला एक फोन आहे त्याने कशातून निवडायचे?

आता आपल्या समाजापुरते बोलतो. भोसल्यांच्या राज्यापासून या भागात राहत असलेली आपली घरे. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले आणि तेव्हापासून घरात मराठी, शाळेत हिंदी हे आपल्या मुलांच्या अंगवळणी पडले. मूल हिंदी शिकते ते वर्गात, गुरुजींच्या तोंडून आणि सोबत्यांच्या संगतीने. दीड वर्ष वर्ग बंद राहिला तेव्हा हिंदी माध्यमाचे पुस्तक हाती असलेल्या मराठी घरातील पहिलीच्या मुलाचे दुहेरी नुकसान झाले. महाराष्ट्रात 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका लागत होती. घरातल्या, अंगणातल्या वस्तूंतून शिकवणारी, फोनची गरज नसलेली. डिश असलेल्या आपल्याकडील घरांतही ती पाहता येत होती. संविधानाच्या 350-अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे. ते कलम घेऊन आपण निवेदने देतो, पण साथीच्या काळात घरच्या घरी मराठी अक्षरओळख करून देण्याची संधी समोर होती, तिचा संघटित उपयोग आपण केला नाही.

आणखी एक गोष्ट, थोडी कटू आहे पण सांगितली पाहिजे. आपल्यातील ज्यांना शक्य आहे त्यांची मुले गोंदिया-नागपूरच्या खासगी शाळांत आहेत. मार्च 2021 मध्ये महाराष्ट्राशी बसवाहतूक बंद झाली तेव्हा आपण ओरड केली, कारण झळ आपल्याला लागली. गावची सरकारी प्राथमिक शाळा बंद होती तेव्हा आपण गप्प होतो. गावातील जुन्या, शिकलेल्या घरांनी गावच्या शाळेचा प्रश्न आपला मानला नाही, तर भोपाळपर्यंत तो पोचवणार कोण?

काही जण म्हणतील, आता सगळे भरून निघाले. ‘असर’ पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले 2018 मध्ये 27.3 टक्के होती, 2022 मध्ये 20.5 टक्के झाली आणि 2024 मध्ये पुन्हा 27.1 टक्क्यांवर आली. आनंदाची गोष्ट आहे. पण 2024 मधील तिसरीची मुले ही शाळा उघडल्यावर पहिलीत आलेली आहेत. तिसरीचा वर्ग सावरला. जी मुले मधल्या काळात त्या वर्गातून गेली, ती सावरली असे या आकड्यावरून म्हणता येत नाही.

म्हणून मंडळाने पुढील सभेत तीन मुद्द्यांचा ठराव करावा आणि तो आपल्या आमदार-खासदारांना द्यावा.

पहिला : साथीत शाळा बंद कराव्याच लागल्या तर उघडताना पहिली-दुसरीचे वर्ग आधी उघडावेत, शिक्षकांना लस आधी मिळावी.

दुसरा : निर्णय भोपाळहून सरसकट न होता गावपातळीवर व्हावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तिला आणि ग्रामपंचायतीला आरोग्य खात्याच्या सल्ल्याने ठरवू द्यावे. महाराष्ट्राने जुलै 2021 मध्ये कोरोनामुक्त गावांत सरपंचांच्या समितीमार्फत हेच केले; फक्त सुरुवात तिथेही आठवीपासून केली, ती पहिलीपासून व्हावी.

तिसरा मुद्दा सरकारसाठी नाही, आपल्यासाठी आहे. रामपायलीत आणि आसपास आपल्या जुन्या घरांना ओसऱ्या आहेत, छपऱ्या आहेत, अंगणे आहेत. निवृत्त शिक्षक आहेत, वाचता येणाऱ्या सुना-लेकी आहेत. शाळा बंद पडेल त्या दिवसापासून कोणाच्या ओसरीवर कोणती पाच-सहा मुले बसतील, शिकवणार कोण, वृद्धांपासून अंतर कसे राखायचे, याची यादी आजच करून ठेवावी. मुले आपलीच असतील असे नाही; शेजारच्या मजुराचे मूल त्या यादीत आधी असावे.

श्रीराम बालाजीच्या देवळासाठी वर्गणी मागितली तर आपण मागेपुढे पाहत नाही. इथे पैसाही नको आहे. ओसरी आणि दोन तास हवे आहेत. सभेला येताना प्रत्येकाने आपल्या घरापुरते उत्तर घेऊनच यावे, ही विनंती.