सुईची भीती

"बाप्पा! माणसाले भेटत नाही अन् मांजरीले सोनोग्राफी?" शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या. आम्ही हसलो. पण खरं सांगतो, मनातून आम्हीही तेच म्हणत होतो.

आमची मनी बारा वर्षांची. दोन महिने वजन उतरत होतं, अधूनमधून उलटी व्हायची. मांजरी उलट्या करतातच, म्हणून दुर्लक्ष केलं. शेवटी सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड झालेली दिसली आणि जवळच्या लसिका ग्रंथी मोठ्या झालेल्या. डॉक्टर म्हणाले, "लिम्फोमा असू शकतो, म्हणजे कॅन्सर. पण जुनाट सूज असली तरी असंच दिसतं. ग्रंथीतून सुईने थोड्या पेशी काढून पाहू."

आम्ही नाही म्हणालो. गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो, हे लहानपणापासून ऐकलेलं ना!

मग दुसरीकडून स्टेरॉइडच्या गोळ्या आणल्या. मनी खायला लागली, गच्चीवर जाऊ लागली. आम्ही खूश. महिन्याभराने तिने पुन्हा खाणं सोडलं. तेव्हा कुठे सुईला होकार दिला. इंजेक्शनसारखीच बारीक सुई, दोन मिनिटांचं काम. पण स्लाइडवरून काही ठरेना. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी मरतात, त्यामुळे खरं चित्र झाकलं जातं, हे तेव्हा कळलं. पंधरा दिवसांत मनी गेली.

नंतर बरंच वाचलं. लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. त्या पेशी मुळातच शरीरभर फिरणाऱ्या. तिथे सुईने रोग पसरेल ही भीती जवळजवळ निरर्थक. मोठ्या पेशींचा लिम्फोमा सुईने बहुतेक वेळा ओळखता येतो. लहान पेशींचा मात्र साध्या सुजेसारखाच दिसतो, त्याला आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. हा फरक पुस्तकी नाही. लहान पेशींच्या प्रकारात प्रेडनिसोलोन आणि क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्यांवर बरीच मांजरं दोन वर्षं किंवा जास्तही जगतात. मोठ्या पेशींचा असेल तर हिशेब बहुधा महिन्यांचा.

मनीला यातला कोणता होता, की नुसती सूजच होती, हे आता कधीच कळणार नाही. तेच जास्त टोचतं.

आपल्या नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, २००० पासून तर पशुविज्ञानाचं अख्खं विद्यापीठ आहे. आमचं अडलं ते ऐकीव भीतीपाशी, आणि "मांजरच तर आहे" या विचारापाशी.

असो. तुमच्या घरी अशी वेळ आली, तर पहिली गोळी देण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा, "आधी सुईची तपासणी करून घ्यायची का?"